भीती, धाक आणि ‘हे मी केलं का?’ : गावोगावी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी मानसशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या खेड्यांत बोलायला जातो. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली असते, समोर तीस-चाळीस माणसं असतात. ‘काही विचारायचं आहे का’ म्हटलं की सगळे गप्प. मग चहा होतो, मी गाडीला किक मारायला जातो आणि तेवढ्यात कोणीतरी हळूच जवळ येतं. खरे प्रश्न तिथे, गाडीजवळ विचारले जातात. त्यातले बरेचसे फिरून एकाच जागी येतात: भीतीच्या क्षणी माझ्या हातून जे झालं, किंवा झालं नाही, ते माझंच होतं का? ते प्रश्न इथे लोकांच्याच बोलीत मांडले आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून गाव, नातं आणि प्रसंग बदलले आहेत.

मोहफूल वेचताना वाघ समोर दिसला. बाकीचे पळाले, माह्ये पाय हाललेच नाही. मी भेकड आहो का?

नाही, भाऊ. पाय रोवले जाणं ही शरीराची फार जुनी रीत आहे. धोका दिसला की मेंदूतला बदामाएवढा एक भाग, त्याला अमिग्डाला म्हणतात, खबर देतो. ती मध्यमेंदूत पोहोचते आणि तिथून हुकूम सुटतो: हलू नको. स्नायू ताठरतात, हृदयाचे ठोके काही क्षण मंदावतात, नजर धोक्यावर खिळते. हरीण गवतात असंच थबकतं, कारण हलणारी वस्तू आधी नजरेत भरते. ‘पळू की थांबू’ हा विचार तुमच्या मनात येण्याआधीच तो हुकूम सुटलेला असतो. बहुतेक वेळा पुढच्या क्षणी शरीर पळतं, ओरडतं किंवा काठी उगारतं. थबकणं ही त्याचीच तयारी असते.

‘तासभर उभा होतो असं वाटते’ असंही तुम्ही म्हणालात. तेही नवल नाही. अमेरिकेत २००७ मध्ये एका प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडलं. स्वतःच्या पडण्याला किती वेळ लागला याचा त्यांचा अंदाज, दुसऱ्याचं पडणं पाहून केलेल्या अंदाजापेक्षा सरासरी ३६ टक्क्यांनी जास्त निघाला. भीतीत आठवण दाट साठते, म्हणून वेळ लांब वाटतो.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात उन्हाळ्याचा पैसा म्हणजे मोहफूल आणि तेंदूपत्ता. जंगलात वाघ आहे हे माहीत असूनही जो माणूस पहाटे टोपली घेऊन निघतो, त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार मी कोणालाही देणार नाही. त्याला स्वतःलाही नाही.

‘मी केलं’ असं वाटणं म्हणजे काय? केलं तर केलं, त्यात वाटाचं काय आहे?

आपल्या बोलण्यात हा भेद आधीपासूनच आहे. ‘मी गिलास सोडला’ आणि ‘माह्या हातून गिलास सुटला’ यात गिलास एकच, फुटणंही एकच. पण पहिल्या वाक्यात करणारा मी आहे आणि दुसऱ्यात मी फक्त हाताचा मालक आहे. हे जे ‘करणारा मीच’ असं आतून वाटणं, त्याला कर्तेपणाची जाणीव म्हणतात. एरवी ती श्वासासारखी असते, आहे हे कळतही नाही. गेली की कळते.

ती मोजण्याची एक युक्ती लंडनमधल्या पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवली. माणसानं स्वतःच्या मर्जीनं बटण दाबायचं, पाव सेकंदानं एक आवाज येणार. समोर वेगानं फिरणारा घड्याळाचा काटा. बटण दाबलं तेव्हा काटा कुठे होता, आवाज आला तेव्हा कुठे होता, एवढंच सांगायचं. लोकांना आपलं दाबणं खऱ्यापेक्षा सुमारे १५ मिलिसेकंद उशिरा वाटलं आणि आवाज सुमारे ४६ मिलिसेकंद लवकर आल्यासारखा वाटला. म्हणजे मनानं कृती आणि परिणाम एकमेकांकडे ओढून घेतले. नंतर चुंबकीय झटक्यानं त्यांचं बोट आपोआप उडवलं, तेव्हा उलटं झालं. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून दूर सरकल्या.

विहिरीवरचं उदाहरण घ्या. तुम्ही स्वतः स्टार्टर दाबता आणि मोटार घुमते, तेव्हा ते दोन्ही मिळून ‘माझं काम’ होतं. ऑटो स्विचवर मोटार आपोआप चालू झाली तर पाणी तेच येतं, पण ते काम तुमच्या अंगाला चिकटत नाही. भीती काय करते, तर तुमच्याच हातानं दाबलेला स्टार्टर तुम्हाला ऑटो स्विचसारखा वाटायला लावते.

हे खरंच मोजून पाह्यलं आहे, का तुमचा अंदाज?

मोजलं आहे. लंडनमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना वेदना देणाऱ्या झटक्याच्या भीतीखाली ठेवून हेच बटण-आवाजाचं अंतर विचारलं. भीती नसताना कृती आणि परिणाम जितके जवळ येत होते, तितके भीतीत आले नाहीत. रागातही तसंच दिसलं.

मंग रागात हात उचलला तर ‘माह्यं भान गेल्तं’ म्हटलं तर चालते का?

चालत नाही. भान सैल होतं हे खरं, पण ते पुरतं सुटत नाही. घरी बायकोवर हात उचलणाऱ्या माणसाला त्याच दिवशी सावकाराचाही राग आलेला असतो, कृषी केंद्रवाल्याचाही आलेला असतो. तिथे त्याचा हात खिशातच राहतो. म्हणजे कुठे उचलायचा आणि कुठे नाही, हे त्याच्यातलं कोणीतरी ठरवत असतं. त्या ठरवणाऱ्याशीच मला बोलायचं असतं.

मी बचत गटाच्या कर्जाची वसुली करतो. साहेब म्हणते, पैसे आणल्याशिवाय येऊ नको. मी बाया-माणसांना नाही नाही ते बोलतो. बोलताना वाटते का मी बोलूनच नाही राह्यलो, तोंड दुसऱ्याचं आहे. असं काहून होते?

हा पोरगा विशीतला होता. मजुराच्याच घरचा, बारावी झालेला. बोलताना त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो.

बाबू, तुला जे वाटतं ते खोटं नाही. एमिली कास्पर आणि हॅगार्ड यांच्या गटानं २०१६ मध्ये याचाच प्रयोग छापला. दोन-दोन जणांच्या जोड्या. एकानं बटण दाबलं की दुसऱ्याला विजेचा झटका बसायचा किंवा त्याचे पैसे कापले जायचे, आणि दाबणाऱ्याला थोडी कमाई व्हायची. मग दोघांनी जागा बदलायच्या, म्हणजे दाबणाऱ्याला त्या झटक्याची चव माहीत होती. कधी काय करायचं ते त्यानं स्वतः ठरवायचं, कधी शेजारी उभा राहिलेला प्रयोगकर्ता हुकूम द्यायचा. हुकुमावरून बटण दाबलं तेव्हा कृती आणि परिणाम यांच्यातलं अंतर लोकांना जास्त वाटलं. त्यांच्या मेंदूनं त्या परिणामाची दखलही कमी घेतली, हे डोक्याला लावलेल्या तारांवरून दिसलं. तिथे बंदूक नव्हती, नोकरी जाण्याची भीती नव्हती, होता तो नुसता सांगणारा आवाज. तुझ्या मागे तर हप्त्याचं टार्गेट आहे आणि घरी म्हातारी आई आहे.

त्याच्या कितीतरी आधी, १९६१ मध्ये, येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्राम यांनी आज्ञापालनाचे प्रयोग केले. त्यातल्या गाजलेल्या फेरीत ४० पैकी २६ माणसं प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेली. झटके खोटे होते, पण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यातले कित्येकजण घामाघूम झाले, थरथरले, तरी दाबत गेले. ती साधी, रोजच्या कामाची माणसं होती.

आता दुसरी बाजू ऐक. ‘तोंड दुसऱ्याचं’ वाटणं ही तुझ्या आतली अवस्था आहे. ज्या बाईला तू चारचौघांत ‘पोरगी विक पण हप्ता दे’ म्हणालास, तिच्या कानात तुझाच आवाज गेला. तुझी जाणीव सैल झाली म्हणून तिचा अपमान कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि तुला त्या दोन्ही घेऊन चालावं लागेल. मला तुझ्याविषयी आशा यासाठी वाटते की तू विचारायला आलास. ज्याला काहीच वाटत नाही, तो गाडीजवळ येत नाही.

हाती धरायला काय आहे ते सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मवित्त कर्जाच्या नियमांत धमकी, शिवीगाळ, वारंवार फोन, नातेवाइकांना त्रास देणं याला मनाई आहे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करता येत नाही. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी करायची असते, घरी जायचं ते त्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच. हा कागद खिशात ठेव. साहेब ओरडला की ‘नियमात बसत नाही’ हे तीन शब्द म्हणता येतात का ते पाहा. ते शब्द तुझे स्वतःचे असतील. आणि गटातल्या बायांनीही हा कागद मागून घ्यावा, हे मी प्रत्येक गावात सांगतो.

सावकारानं धाक दाखवून कागदावर अंगठा घेतला. अंगठा तर माहाच आहे. आता बोलू कोण्या तोंडानं?

ज्या तोंडानं मला सांगितलंत त्याच तोंडानं. अंगठा तुमचा आहे, मर्जी तुमची नव्हती, आणि हा फरक कायद्याला दीडशे वर्षांपासून मान्य आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार जबरदस्तीनं घेतलेली संमती ही मोकळी संमती नसते, आणि असा करार रद्द करून घेण्याचा हक्क ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला असतो. सावकारी नियमनाचा महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा आणखी पुढे जातो. विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि अशा सावकारीतून गेल्या १५ वर्षांत बळकावलेली जमीन चौकशीनंतर परत मिळू शकते. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा, तालुक्याला सहायक निबंधकाचं कार्यालय असतं. एकटे जाऊ नका. सोबत कोणी असलं की आवाज कापत नाही.

रात्री बंदूकवाले आले, भाकरी मागितल्या, वाट दाखवायला नेलं. सकाळी दुसरे आले, काहून नेलं म्हणून विचारलं. माह्या हातात काय होतं?

गडचिरोलीकडच्या एका वयस्क माणसानं हे विचारलं, आणि बराच वेळ मला उत्तर सुचलं नाही. तुमच्या हातात त्या रात्री फार थोडं होतं, बाबा. ज्यांनी हा प्रश्न तुमच्यावर आणला, ओझं त्यांचं आहे.

कायद्यात याला जागा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ९४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२ असं सांगतं की तत्काळ जिवे मारलं जाईल अशी रास्त भीती घालून करायला लावलेलं काम गुन्हा ठरत नाही. खून आणि देहांताची शिक्षा असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे मात्र यातून वगळले आहेत. याच कलमात एक लोहार आहे. दरोडेखोरांनी त्याला पकडलं, जिवाची भीती घातली, तुझी अवजारं घेऊन चल म्हणाले आणि एका घराचं दार फोडायला लावलं. कायदा म्हणतो, या लोहाराला या सवलतीचा लाभ आहे. पण त्यांच्या रीतीभाती माहीत असून जो आपणहून टोळीत शिरला, त्याला नाही. १८६० पासून तो लोहार कायद्याच्या पुस्तकात उभा आहे. तुमची गोष्ट मला त्याच्याच ओळीतली वाटते. तुमच्या प्रकरणात प्रत्यक्ष काय होईल ते मात्र वकीलच सांगेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

माह्या पोरीवर अत्याचार झाला. ती ओरडली नाही म्हणून लोक म्हणतात, तिची मर्जी असन. तिनं हात-पाय काहून हालवले नसन?

ताई, कारण तिला हलवता आले नसतील. सुटकेची वाट नसते आणि शरीर धरलेलं असतं, तेव्हा माणसाचं शरीर लुळं किंवा ताठ पडू शकतं, आवाज घशात अडकतो. आत सगळं कळत असतं, पण हुकूम अवयवांपर्यंत पोहोचत नाही. स्टॉकहोममधल्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी असं लक्षणीय जखडलेपण अनुभवलं होतं. म्हणजे न ओरडणं हेच जास्त वेळा घडतं.

कायदाही हेच म्हणतो. केवळ शरीरानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असं मानता येत नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीपासून स्पष्ट लिहिलेलं आहे आणि आता न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही आहे. तिला एवढंच सांगा: ‘तुह्यं काही चुकलं नाही, तुह्या शरीरानं तुले जिवंत ठेवलं.’ रोज सांगा. गावातल्या बोलणाऱ्यांना काय सांगायचं ते मी पाहतो, मला बोलवा.

नवरा घरात आला की माह्ये हात आपोआप चालतात. भाजीत मीठ टाकलं का नाही तेही आठवत नाही. मी येडी होऊन राह्यली का?

नाही. रोजच्या धाकात राहिलेलं मन अर्धं काम स्वतःवर सोडतं आणि अर्धं लक्ष दाराच्या कडीवर ठेवतं. मीठ आठवत नाही, कारण तुम्ही मिठाकडे नव्हताच, त्याच्या चपलेच्या आवाजाकडे होता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीबरोबर धाक आणि मानसिक छळही धरतो. १८१ वर फोन करता येतो, अंगणवाडी ताई किंवा आशा ताईलाही सांगता येतं. विश्वासाच्या एका बाईला आज सांगून ठेवा.

देवीच्या दिवसांत अंगात येते. तेव्हाही ‘मी’ नसतोच. हे तेच का?

कर्तेपणाची जाणीव तिथेही सैल होते, एवढं साम्य आहे. पण तिथे ढोल, गर्दी आणि श्रद्धा असते, त्यामागे धाक असेलच असं नाही. कोणी त्या नावानं तुम्हाला भीती घालत असेल, करणी काढतो म्हणून मारत किंवा लुटत असेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पाऊस हाती नाही, भाव हाती नाही, रानडुकरं हाती नाही. मंग हात कायले हालवाचे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या या मुलखात तो खरा आहे. ज्याच्या हातून खरोखरच गोष्टी काढून घेतल्या आहेत, त्याला ‘मन खंबीर ठेवा’ म्हणणं अन्याय आहे.

तरी एक गोष्ट ऐका. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. थांबवता न येणारे झटके ज्यांनी सोसले, त्यातले बरेचसे नंतर नुसती उडी मारून सुटता येत असतानाही पडून राहिले. त्यावरून सगळ्यांनी म्हटलं, कुत्रे लाचारी शिकले. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासात गळून पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती ‘माझ्या हातून काही होतं’ ही गोष्ट. तसा अनुभव आला की मेंदूचा पुढचा भाग त्या गळाठ्याला आवर घालतो. म्हणून हात हलवायचे ते काहीतरी होतं हे मेंदूला दाखवण्यासाठी, आणि काम एवढं लहान निवडायचं की ते त्याच दिवशी पुरं होईल. कुंपणाची एक बाजू. बँकेतला एक कागद.

दुसरं म्हणजे, बटण जवळ असलं तरी फरक पडतो. अमेरिकेतल्या ग्लास आणि सिंगर यांच्या १९७२ मध्ये छापलेल्या कामात लोकांना कर्कश आवाजात बसवलं. काहींना सांगितलं, सहन झालं नाही तर हे बटण दाबा, आवाज थांबेल. बहुतेकांनी ते दाबलं नाही, तरी नंतरच्या कामात ते बिनबटणवाल्यांपेक्षा चांगले टिकले. गावात हे बटण म्हणजे मध्यरात्रीही उठून येईल असा एक माणूस. तो नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, त्यात गावातल्याच शिकवलेल्या माणसांनी घरोघरी जाऊन विचारपूस केली. उदासीनतेच्या आजारात मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. कोणीतरी दारात येऊन ‘कसं आहे बाप्पा’ विचारावं लागतं. जीव द्यायचा विचार मनात येत असेल तर उद्याची वाट पाहू नका, आत्ता फोन करा.

वावरात जागलीले गेल्तो, बिबट्या अंगावरून गेला. तेव्हापासून रात्री लाईन आली तरी ओलीताले जाववत नाही. आता कसं करू?

लगेच एकट्यानं जाऊ नका. आणि अजिबात जायचंच नाही असंही ठरवू नका, कारण जितके दिवस टाळाल तितकी ती जागा मनात मोठी होत जाते. आधी दिवसा भावासोबत त्याच बांधावर जा, बसा, भीती उतरेपर्यंत उठू नका. चार दिवसांनी सांजच्याला. मग रात्री दोघं, मोठी बॅटरी आणि रेडिओ घेऊन. दर टप्प्यावर छातीत धडधडेल, तेव्हा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्या. हृदयाचे ठोके त्यानं उतरतात.

घरूनच एक वाक्य ठरवून निघा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं आहे की ‘असं झालं तर मी हे करीन’ हे आधी पक्कं केलेलं असलं की ऐन वेळी ते हातून होण्याची शक्यता वाढते. तुमचं वाक्य असं असू द्या: ‘झुडपात खसपस झाली तर मी जागीच थांबून बॅटरी मारीन आणि शेजारच्या वावरात हाक देईन.’ शेजाऱ्यालाही सांगून ठेवा, म्हणजे हाक गेली की तिकडून ‘ओ’ येईल. पहिल्या रात्री पाणी किती ओळींना गेलं ते मोजू नका. डीपीपर्यंत जाऊन तुमच्या हातानं स्टार्टर दाबा आणि घरी या.